कायझन शीट कुणासाठी लिहायचं? प्लँट हेड आणि क्वालिटी हेड यांना खुलं पत्र

प्रति,
भोसरी, चाकण, तळेगाव, रांजणगाव पट्ट्यात वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांचे सर्व प्लँट हेड आणि क्वालिटी हेड यांना

स.न.वि.वि.

साहेब, मॅडम,

मी आयटीआयचा टर्नर. अप्रेंटिस म्हणून कारखान्याच्या गेटातून आत आलो त्याला 27 वर्षं झाली. पुढे सेटर, म्हणजे मशीन कामाला लावून देणारा, झालो, लाइन लीडर झालो, गेली आठ वर्षं सुपरवायझर आहे. त्यातली शेवटची चार वर्षं प्लँटमधल्या सुधारणांचं काम माझ्याकडे आहे. म्हणजे कायझन शीट (लाइनवर केलेल्या छोट्या सुधारणेचा कागद) गोळा करायच्या, क्वालिटी सर्कलच्या, म्हणजे कामगारांच्या सुधारणा-गटांच्या, बैठका लावायच्या, ऑडिट जवळ आलं की फाइल लावून ठेवायची. हे पत्र कुठल्या एका कंपनीबद्दल नाही. मी स्वतः तीन ठिकाणी काम केलंय, सॉर्टिंग (कस्टमरकडे जाऊन खराब नग निवडून काढणं) आणि व्हेंडर भेटींच्या निमित्तानं आणखी कितीतरी लाइन पाहिल्यात. सगळीकडे एकच गोष्ट दिसली, म्हणून सगळ्यांनाच लिहितोय.

माझं म्हणणं थोडक्यात असं. आपल्याकडे सुधारणेचा कागद काम उरकल्यावर लिहिला जातो. तो काम सुरू व्हायच्या आधी लिहायला घ्या. आणि तो ऑडिटरला दाखवायला लिहू नका. उद्या, परवा, पाच वर्षांनी त्या मशीनवर जो उभा राहणार आहे त्याच्यासाठी लिहा.

का म्हणतो ते सांगतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या एका व्हीएमसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशीनवर, ॲल्युमिनियमचं हाउसिंग चालायचं. आधी फेस मिलिंग, म्हणजे वरचा पृष्ठभाग सपाट कापणं, मग बोअर. एका पावसाळ्यात अचानक फेसची पॅरलॅलिटी आउट जायला लागली, म्हणजे पृष्ठभाग समांतर न येता तिरका कापला जायला लागला. तीही रोज नाही. फर्स्ट आणि सेकंड शिफ्ट व्यवस्थित जायची आणि थर्ड शिफ्टला पाच-सहा नग लाल बिनमध्ये पडायचे. पुन्हा दोन दिवस काहीच नाही. येऊन-जाऊन असणारं दुखणं फार वाईट, डॉक्टरसमोर गेलं की ते लपून बसतं. शेवटी कस्टमरची तक्रार आली. आमची चार माणसं त्यांच्या लाइनवर सॉर्टिंगला जाऊन बसली. इकडे आम्ही स्पिंडल तपासला, टूल होल्डर बदलले, इन्सर्टचा लॉट बदलला, क्लॅम्पिंग प्रेशर कमी-जास्त करून पाहिलं, कास्टिंगच्या व्हेंडरला बोलावून त्याच्याशी भांडलो. अकरा दिवस गेले. बाराव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत एक जुना ऑपरेटर म्हणाला, "हे मशीन आप्पांचं. त्यांना फोन लावा ना."

आप्पा आमचे सेटर. दोन वर्षांपूर्वी रिटायर होऊन जुन्नर तालुक्यात आपल्या गावी गेलेले. मी फोन लावला तेव्हा ते टोमॅटोच्या वावरात होते. मी सगळं पहिल्यापासून सांगायला लागलो, कुठलं फिक्स्चर (नग धरून ठेवायचा साचा), किती नग, कुठली शिफ्ट. त्यांनी मध्येच विचारलं, "पॅडमधली हवा चालू आहे का?"

फोन कानाला तसाच धरून मी मशीनपाशी गेलो. त्या फिक्स्चरच्या तिन्ही रेस्टिंग पॅडना मधोमध बारीक भोक आहे. नग उचलला की त्यातून हवा यायची आणि पॅडवर बसलेली चिप उडून जायची. ॲल्युमिनियमची पातळ चिप कूलंटमध्ये भिजली की ओल्या कागदासारखी चिकटते, डोळ्यांना दिसतही नाही. तिच्यावर नग बसला की एका बाजूनं केसभर उचलला जातो, आणि तसाच क्लॅम्प होऊन तसाच कापला जातो. मी पॅडवर बोट ठेवलं. हवा नव्हती. मागे जाऊन पाहिलं तर नळीला एंड कॅप बसवलेली, आणि तिला केबल टायनं एक लाल टॅग बांधलेला: 'एअर लीकेज. बंद केले.'

फर्स्ट आणि सेकंड शिफ्टचे जुने ऑपरेटर सवयीनं प्रत्येक नगाआधी पॅडवर एअर गन मारायचे, म्हणून त्यांचे नग चांगले निघत होते. रात्रीची पोरं नवीन होती. त्यांना ते कुणी सांगितलंच नव्हतं.

साहेब, ती कॅप कुणा बेफिकीर माणसानं लावलेली नव्हती. त्या वर्षी प्लँटमध्ये कॉम्प्रेस्ड हवेची गळती शोधायचा प्रोजेक्ट झाला होता, आणि मनापासून झाला होता. युटिलिटीच्या मुलांनी रविवारी, सगळी मशीनं बंद असताना, कान लावून लावून गळत्या शोधल्या होत्या. रिकाम्या फिक्स्चरच्या पॅडमधून फुसफुसणारी हवा त्यांना गळतीच वाटली. त्यांच्या जागी मी असतो तर मलाही तसंच वाटलं असतं. एका सुधारणेनं दुसरीचा जीव घेतला, आणि दोन्ही सुधारणा आपल्याच माणसांनी, चांगल्या मनानं केल्या होत्या.

त्या संध्याकाळी मी फाइल काढली. आप्पांच्या कामाचं कायझन शीट फाइलमध्ये होतं. रंगीत, लॅमिनेट केलेलं. डावीकडे 'आधी'चा फोटो, उजवीकडे 'नंतर'चा. समस्या: 'रिजेक्शन जास्त'. मूळ कारण: 'क्लीनिंग नाही'. उपाय: 'रेस्टिंग पॅडला एअर होल दिले'. फायदा: 'क्वालिटी सुधारली, ऑपरेटरचे श्रम कमी झाले'. आधी किती नग जात होते, नंतर किती, हवा कुठल्या लाइनवरून घेतली, ती बंद पडली तर काय होईल, ती चालू आहे का हे कुणी आणि कधी बघायचं, यातलं एक अक्षर त्यात नव्हतं. आधीच्या कोऑर्डिनेटरनं ते शीट स्वीकारलं होतं. मी त्या जागी आल्यावरही शेकडो शीट तशाच स्वीकारल्या, हेही इथे कबूल करतो.

पुढे एका रविवारी मी आप्पांच्या गावी गेलो. त्यांनी कपाटातून खिशात मावणारी एक डायरी काढली. त्यात तारीखवार सगळं होतं. कुठल्या दिवशी कितवा नग आउट गेला, चिप कुठल्या पॅडवर सापडली, डायलवर किती दिसलं. भोक आधी 2 मिमी केलं तर चिप हलेना, मग 3 मिमी केलं, तेव्हा कुठे साफ झालं. कंपनीला हवा होता तो कागद आप्पांनी लिहिला होता. कंपनीच्या फॉर्ममध्ये त्याला जागा नव्हती, आणि त्यांना कुणी विचारलंही नव्हतं.

आता फॉर्म असा का झाला, ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. माणशी महिन्याला एक कायझन, असं टार्गेट आहे. महिन्याची 20 तारीख उलटली की माझ्याकडे फोन सुरू होतात, "तुमच्या लाइनचे अजून 14 कमी आहेत." मग लाइन लीडर पोरांच्या मागे लागतो. मागच्या वर्षी मी टूल क्रिबपाशी एका अप्रेंटिसला पाहिलं. तिथे पान्यांसाठी शॅडो बोर्ड, म्हणजे प्रत्येक पान्याची जागा आखलेला बोर्ड, लावून तीन आठवडे झाले होते, चांगलं काम होतं. तो पोरगा बोर्डावरचे सगळे पाने काढून एका ट्रेमध्ये ढिगानं टाकत होता. 'आधी'चा फोटो राहिला होता ना. मला बघून त्यानं अगदी सरळ मनानं विचारलं, "सर, एवढा पसारा दिसला तर चालेल, का अजून करू?" मला त्याचा राग आला नाही. एकोणीस वर्षांचं पोर ते. पण कामाला लागून चार महिने झाले नाहीत तोवर आपण त्याला शिकवलं होतं की कागदावर असं लिहायचं असतं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

ज्यांनी हे काम उभं केलं त्यांच्याकडे हे असं नव्हतं. अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ डेमिंग 1950 साली जपानमध्ये गुणवत्तेवर व्याख्यानं द्यायला गेले. तिथून पुढे 'प्लॅन, डू, चेक, ॲक्ट' (आखा, करा, तपासा, त्यावरून पुढचं पाऊल उचला) हे चक्र जपानी कारखान्यांच्या हाडीमाशी भिनलं. 1962 मध्ये जपानी प्राध्यापक इशिकावांच्या पुढाकारानं तिथे क्वालिटी सर्कल सुरू झाली. फोरमन आणि कामगारांसाठी एक मासिक निघालं होतं, ते एकत्र बसून वाचायचं आणि त्यातलं आपल्या जागी करून बघायचं, अशी त्या गटांची सुरुवात. म्हणजे बक्षिसाच्याही आधी वाचन आणि वही होती. आपल्या देशात 1980 मध्ये भेलच्या हैदराबादच्या कारखान्यात पहिलं सर्कल बसलं, 1982 मध्ये क्वालिटी सर्कल फोरम ऑफ इंडिया स्थापन झाली. आपली माणसं यात कमी पडतात असंही नाही. 2003 मध्ये महिंद्राच्या ट्रॅक्टर विभागाला गुणवत्तेसाठीचं जपानचं डेमिंग पारितोषिक मिळालं, आणि त्यांचे कांदिवली आणि नागपूरचे कारखाने इथलेच, आपल्या राज्यातले. आपण मात्र त्या चक्रातला 'डू' आधी उरकतो आणि महिनाअखेरीस बसून त्याला साजेसा 'प्लॅन' मागून लिहितो. 'चेक' आणि 'ॲक्ट' राहूनच जातात.

टोयोटामध्ये प्रश्न मांडायला ए-थ्री आकाराचा एकच कागद वापरतात, 297 बाय 420 मिलिमीटर. डाव्या अर्ध्या भागात पार्श्वभूमी, आजची स्थिती, कुठवर जायचंय ते, आणि कारणांचा शोध. उजव्या भागात उपाय, कुणी कधी काय करायचं, आणि मागोवा. खरी मेख डाव्या बाजूला आहे. ती भरून, वरच्या माणसानं त्यावर प्रश्न विचारून, खोडून पुन्हा लिहून झाल्याशिवाय उजवीकडे जायचं नसतं. म्हणून तिथे पेन्सिल वापरायची पद्धत पडली. आपल्या कायझन शीटमध्ये समस्येला दीड ओळीची जागा आहे आणि फोटोंना अर्धं पान. जागा बघूनच माणसाला कळतं की कंपनीला काय हवंय.

डावी बाजू भरायची तर आधी मशीनपाशी उभं राहायला लागतं. जपानी इंजिनिअर शिगेओ शिंगोंचा 1950 चा अनुभव मी माझ्या प्रत्येक नव्या बॅचला सांगतो. हिरोशिमाला माझदा बनवणाऱ्या कारखान्यात मोठे प्रेस पुरत नाहीत म्हणून ते गेले होते. तिथल्या लोकांना नवीन प्रेस घ्यायचे होते. शिंगो स्टॉपवॉच घेऊन प्रेसशेजारी उभे राहिले. तिसऱ्या दिवशी 800 टनी प्रेसवर डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, बदलायची वेळ आली आणि एक बोल्ट सापडेना. कामगार धावत गेला, तासाभरानं परत आला. दुसऱ्या डायचा लांब बोल्ट आणून, तो कापून, त्याला आटे पाडून आणला होता. प्रेस तेवढा वेळ उभा. मशीन बंद असतानाच करायची कामं कुठली आणि चालू असताना आधीच करून ठेवता येतील अशी कुठली, हा फरक शिंगोंना तिथे पहिल्यांदा दिसला. त्याच विचारावर 1969 मध्ये टोयोटाच्या 1000 टनी प्रेसचं चार तासांचं सेटअप दीड तासावर आलं, आणि नंतर तीन मिनिटांवर. त्या हरवलेल्या बोल्टचा तास कुणी मोजला नसता तर कारखान्यानं आणखी एक प्रेस विकत घेतला असता.

आमच्या टर्निंग लाइनवर मी दोन मुलांना एक अख्खं सेटअप, म्हणजे पुढच्या नगासाठी मशीन तयार करणं, नुसतं बघायला आणि लिहायला बसवलं. काही सुधारायचं नाही, फक्त मिनिटं लिहायची. 74 मिनिटांच्या सेटअपमध्ये 19 मिनिटं सेटर सॉफ्ट जॉ (नग पकडायचे जबडे) आणि मास्टर पीस (मापाचा नमुना नग) शोधत होता. हे त्या सेटरला स्वतःला माहीत नव्हतं. त्यानं वहीत आकडा पाहिला आणि दुसऱ्या दिवशी स्वतःहून ट्रॉली लावून घेतली. मला काही सांगावं लागलं नाही.

आकड्यांबद्दल एक गोष्ट तळमळीनं सांगायची आहे. 'आधी'चे आकडे आपण वाईट दिवसांचे घेतो आणि 'नंतर'चे चांगल्या दिवसांचे. हे मुद्दाम होतं असं नाही. रिजेक्शन वाढलं की आपण प्रोजेक्ट हातात घेतो, आणि वाढलेलं रिजेक्शन बऱ्याचदा आपोआपही खाली येतं. लॉट बदलतो, उकाडा कमी होतो, सुट्टीवरचा माणूस परत येतो. मग आपण त्याचं श्रेय नव्या स्टॉपरला देतो. निदान चार आठवड्यांचे, तिन्ही शिफ्टचे आकडे हातात असल्याशिवाय कुठलाही प्रोजेक्ट मंजूर करू नका. महिनाअखेरीचा आठवडा त्यात आलाच पाहिजे, कारण डिस्पॅचच्या घाईत लाइन कशी चालते ते त्याच आठवड्यात दिसतं. आणि कुठल्या गेजनं मोजलं तेही लिहायला सांगा. आधी व्हर्नियर आणि नंतर एअर गेज असेल तर ती तुलनाच होत नाही.

रुपयांच्या रकान्याचंही तसंच. एक उदाहरण घ्या. पहिल्या ऑपरेशनला 80 सेकंद, दुसऱ्याला 110. एका मुलानं पहिल्याचे 15 सेकंद वाचवले. शीटवर हिशोब येतो: शिफ्टला 240 नग, तीन शिफ्ट, 300 दिवस, म्हणजे वर्षाला 900 तास. मशीनचा दर तासाला 400 रुपये धरला तर 3 लाख 60 हजारांची बचत. गुणाकार बरोबर आहे. पण लाइनमधून नग अजूनही 110 सेकंदांनीच बाहेर पडतोय. वाढला तो फक्त दोन मशीनमधला ढीग. त्या मुलाची मेहनत खोटी नाही, पण त्याला आधीच कुणी सांगितलं असतं की अडतंय दुसऱ्या ऑपरेशनला, तर तीच मेहनत त्यानं तिथे लावली असती. प्लॅन आधी लिहायचा तो यासाठी. आणि बचतीच्या रकान्यावर अकाउंट्सच्या माणसाची सही घ्या. सुरुवातीला लोक नाराज होतील, होऊ द्या.

'मूळ कारण' या रकान्यात मला सगळ्यात जास्त वेळा दिसलेले शब्द म्हणजे 'ऑपरेटरचे दुर्लक्ष'. आणि उपाय: 'ऑपरेटरला ट्रेनिंग दिले'. खाली सह्यांचा कागद जोडलेला. माझी विनंती आहे की हे दोन शब्द असलेली शीट न वाचता परत करा. चूकच होऊ नये अशी जी युक्ती मशीनला किंवा फिक्स्चरला करतात, तिला शिंगो आधी 'बाका-योके' म्हणायचे, म्हणजे मूर्खाच्या हातून बिघडू नये म्हणून केलेली सोय. 1963 मध्ये अराकावा ऑटो बॉडीच्या कारखान्यात ती समजावून सांगितल्यावर तिथली एक कामगार मुलगी रडायला लागली. आपण मूर्ख आहोत का, असं तिला वाटलं. तेव्हापासून शिंगोंनी शब्द बदलून 'पोका-योके' केला, म्हणजे नजरचुकीपासून बचाव. एका मुलीच्या डोळ्यांतल्या पाण्यानं जगभरच्या कारखान्यांचा शब्द बदलला. आपल्या शीटवर आपण 60 वर्षांनंतरही माणसाला दोष देतो आणि सही करतो. ज्या पोराच्या नावापुढे 'दुर्लक्ष' लिहिलं, तो पुढच्या वेळी चूक झाली तर सांगायला येईल का? तो नग गुपचूप ओके बिनमध्ये टाकेल, आणि तो सापडेल तुमच्या कस्टमरला.

दुसरं, भाषा. आमच्या लाइनवर लातूरची, बीडची, यवतमाळची मुलं आहेत, बिहार-ओडिशाचीही आहेत. शीट इंग्रजीत लिहायचं म्हटलं की ती ऑफिसातल्या डिप्लोमावाल्या मुलाकडे जातात आणि तो त्याच्या इंग्रजीत लिहून देतो. 'चिप ओल्या कागदासारखी चिकटते' हे वाक्य तिथे जाऊन 'क्लीनिंग नाही' होतं. माहिती तिथे मरते. मराठीत लिहू द्या, हिंदीत लिहू द्या, हातानं लिहू द्या, चित्र काढू द्या. पुण्यात क्वालिटी सर्कलच्या स्पर्धांत मराठीतून केस स्टडी मांडणारी मुलं मी पाहिलीत. बोलताना त्यांचा हात आपोआप मशीनचा लिव्हर ओढल्यासारखा हलतो. तीच मुलं इंग्रजी स्लाइड वाचायला लागली की खाली मान घालून वाचतात.

आता कागद झाल्यावर तो कुठे जातो ते बघू. फाइलमध्ये गेला तर गेलाच म्हणायचा. सुधारणा टिकायची असेल तर ती रोजच्या वापरातल्या कागदांत उतरली पाहिजे: पीएफएमईए (प्रक्रियेत काय बिघडू शकतं त्याची यादी), कंट्रोल प्लॅन (काय, कधी, कशानं तपासायचं तो तक्ता), मशीनवर लावलेली वर्क इन्स्ट्रक्शन आणि मेंटेनन्सची पीएम, म्हणजे नियमित देखभालीची, चेकलिस्ट. बदल झाला की कंट्रोल प्लॅन तपासून दुरुस्त करा, हे आयएटीएफ 16949 हे वाहन उद्योगाचं गुणवत्ता मानकसुद्धा सांगतं. आप्पांच्या कामापुरतं बोलायचं तर पीएम चेकलिस्टमध्ये 'तिन्ही पॅडमधून हवा येते का, बोट ठेवून बघा' एवढी एक ओळ हवी होती. आज ती आहे. पॅडशेजारी पत्र्याची छोटी पट्टीही रिव्हेट केली आहे: 'ही गळती नाही.' आणि ज्या बदलाला कस्टमरची मंजुरी लागते, तो पोरांच्या उत्साहात परस्पर होऊ नये, यासाठीही कागद आधी हवा. नाहीतर चांगलं काम करूनही आपण पीपीएपीच्या, म्हणजे कस्टमरकडून भाग मंजूर करून घ्यायच्या कागदांच्या, घोळात सापडतो.

क्वालिटी सर्कलच्या 12 पायऱ्या तुमच्या भिंतीवर लावलेल्या असतील. त्यातली नववी पायरी आहे, संभाव्य विरोधाचा आधीच विचार करणं. आमच्याकडच्या जवळजवळ प्रत्येक केस स्टडीत तिथे लिहिलेलं असतं, 'विरोध झाला नाही'. बारावी पायरी म्हणजे पाठपुरावा आणि आढावा, तिथे 'सातत्यानं चालू आहे'. या दोन पायऱ्यांवर तुम्ही स्वतः प्रश्न विचारा. नवव्या पायरीवर आप्पांच्या सर्कलनं मेंटेनन्स आणि युटिलिटीला नुसतं बोलावलं असतं, तरी ती कॅप लागली नसती.

फसलेल्या प्रयोगांचं काय करायचं, हे कुठल्याच फॉर्ममध्ये नाही. माझ्या लाइनवर मी दोन वर्षांपासून प्रत्येक मशीनला दोरीनं एक शंभर पानी वही अडकवून ठेवली आहे. खंडेनवमीला मशीनबरोबर वहीलाही हळदीकुंकू लागतं, ते पोरांनीच सुरू केलं. नियम एवढाच की जे करून पाहिलं ते लिहायचं, जमलं तरी आणि नाही जमलं तरी. परवा एका मुलानं लिहिलं होतं: 'फीड (टूल पुढे सरकायचा वेग) 10 टक्के कमी करून पाहिली. बर (कडेला राहणारी धातूची धार) तेवढीच. टाइम 6 सेकंद वाढला. परत पहिली फीड ठेवली. सेकंडवाल्यांनी हे पुन्हा करू नये.' खाली सेकंड शिफ्टच्या मुलाचं उत्तर: 'बरं झालं सांगितलं, आम्ही आज हेच करणार होतो. आता इन्सर्टचा कोपरा बदलून बघतो.' अशा नोंदीला बक्षीस नाही आणि टार्गेटमध्ये तिची गणतीही होत नाही. पण एक शिफ्ट वाचली, आणि पुढच्या शिफ्टला शोधाची दिशा मिळाली.

वही हवीच, कारण माणसं राहत नाहीत. व्हीआरएस घेऊन परमनंटवाले गेले. अप्रेंटिस वर्षभरात जातो, काँट्रॅक्टचा मुलगा त्याच्याही आधी. पूर्वी एका मशीनवर माणूस 20 वर्षं असायचा, त्याच्या डोक्यात सगळं असायचं आणि चहा पिता पिता ते दुसऱ्याच्या डोक्यात जायचं. ती सोय आता गेली. प्रत्येक सेंड-ऑफला आपण शाल-श्रीफळ देतो, आणि त्या माणसाबरोबर मशीनची सगळी माहिती गेटाबाहेर जाते. रिटायर होणाऱ्या प्रत्येक सेटरला शेवटच्या महिन्यात लाइनवरून मोकळं करा, एक लिहिणारा मुलगा त्याच्यासोबत द्या, आणि प्रत्येक फिक्स्चरपाशी उभं राहून त्याला बोलू द्या. आप्पांच्या बाबतीत आम्ही हे केलं नाही. त्यांनी फोन उचलला, हे आमचं नशीब.

मला ठाऊक आहे, तुमच्यावरही वरून आकड्याचा दबाव असतो. म्हणून मोठं काही मागत नाही. माणशी महिन्याला एक हे टार्गेट एका वर्षापुरतं थांबवा. त्याऐवजी प्रत्येक लाइनला तीन महिन्यांत एकच प्रोजेक्ट द्या, पण त्याची डावी बाजू तुम्ही स्वतः वाचून सही केल्याशिवाय पाना उचलू देऊ नका. लिहायला शिफ्टमध्येच वेळ द्या, आठवड्याला अर्धा तास, मशीन बंद ठेवून. शिफ्ट सुटल्यावर बसला की माणूस बस चुकेल म्हणून लिहितो, आणि ते कागदावर दिसतं. आणि प्रोजेक्ट संपल्यावर सहा महिन्यांनी तो चालू आहे का, हे बघायला ज्यांनी तो केला नाही अशा दुसऱ्या लाइनच्या माणसाला पाठवा.

आणि एक काम तुम्हीच करण्यासारखं आहे. पुढच्या आठवड्यात एखाद्या दिवशी, आधी कुणाला न सांगता, तीन वर्षांपूर्वीचं एक शीट फाइलमधून काढा. ज्याला बक्षीस मिळालं होतं असं. ते हातात घेऊन थर्ड शिफ्टला त्या मशीनवर जा. तिथे जो मुलगा उभा असेल त्याला दाखवा आणि विचारा, हे इथे आहे का, आणि का केलंय ते तुला ठाऊक आहे का. त्याला रागावू नका. तो जे सांगेल ते तिथेच, त्या शीटच्या मागच्या बाजूला, त्याच्याच शब्दांत लिहून घ्या.

आपला,
एक सुपरवायझर, भोसरी